काडीपेटीशेजारचं ताट

माझ्या फोनात माणसांपेक्षा ताटांचे फोटो जास्त आहेत. ज्वारीची भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी, एखादी वाटी वरण आणि ताटाला लागून एक काडीपेटी. असे शेकडो फोटो. अनोळखी माणसानं पाहिले तर त्याला वाटेल, हा गृहस्थ काडीपेट्यांचा व्यापारी असावा आणि सदा उपाशी असावा. दुसरी गोष्ट तशी खरी आहे. बायको म्हणते, पुसून टाका आता, फोन जड झालाय. मी पुसत नाही. ती ताटं शेटे मॅडमच्या पोरींची आहेत, आणि शेटे मॅडम मागच्या उन्हाळ्यात गेल्या.

मी पूर्वी बोरीला शाळेत गणित शिकवायचो आणि मॅडम खेळ. शिवकांता हे त्यांचं नाव हजेरीपटाबाहेर कुणी कधी घेतलं नाही. पाथरीच्या लिंगायत वाण्याच्या घरातल्या. यजमानांचं तिथं किराणा दुकान, त्यांना सगळे अप्पा म्हणत. आठवडाभर मॅडम बोरीत आमच्या शेजारच्या खोलीत राहायच्या आणि शनिवारी दुपारच्या एसटीनं पाथरी गाठायच्या. अंगानं किरकोळ, पण आवाज असा की मैदानाच्या पलीकडे चरणारी म्हैससुद्धा मान वर करायची. गळ्यात शिट्टी असे आणि शिट्टीच्या दोरीखाली दुसरा एक दोरा, त्याला चांदीच्या डबीतलं इष्टलिंग.

आमचं अंगण एकच होतं, त्यामुळे त्यांचा दिवस आम्हाला दिसायचा. मैदानावरून आल्या की अंघोळ, मग डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजा, आणि त्यानंतरच अन्न. पूजा करताना त्या तळहाताकडे अशा काही बघायच्या की मी अंगणात सायकल लावत असलो तर आवाज न करता लावायचो. जेवण झालं की ताटात थोडं पाणी घालायच्या, बोटानं ताट निपटून ते पाणी पिऊन टाकायच्या. अन्न हा प्रसाद, त्याचा कण टाकायचा नाही, हा त्यांच्या घरचा नेम. ते ताट इतकं लख्ख निघायचं की माझी बायको आधी त्या ताटाकडे बघायची आणि मग माझ्या ताटातल्या मिरच्यांच्या देठांकडे.

पळणाऱ्या पोरींचं पोट हा मॅडमच्या जिवाला लागलेला घोर होता. आसपासच्या आखाड्यांवरून, म्हणजे शेतातल्या वस्त्यांवरून, पोरी सकाळी पळायला यायच्या. एखादी मध्येच पोट धरून बसायची. मॅडम विचारायच्या, "जेवलीस का गं रात्री?" पोरगी म्हणायची, "हो मॅडम." आपल्याकडे या प्रश्नाला दुसरं उत्तरच नाही. नाही म्हटलं तर विचारणाऱ्यानं वाढायला उठायचं का? म्हणून उपाशी माणूसही हो म्हणतो. मॅडम हे ओळखून होत्या, पण त्यावर इलाज सापडत नव्हता.

इलाज त्यांना पुण्याकडच्या एका शिबिरात मिळाला. तिथं आहाराच्या एका बाईंनी सांगितलं की खेळाडूला काय खाल्लं ते विचारू नका, ताटाचा फोटो मागवा. जेवणाआधी एक, जेवणानंतर एक. शेजारी ठरल्या मापाची एखादी वस्तू ठेवायला सांगा, म्हणजे भाकरी केवढी आणि वाटी केवढी ते समजतं. मॅडम एसटीतून उतरल्या त्या खांद्यावरची पिशवीही न ठेवता आमच्या दारात.

"सर, काडीपेटी समद्यांच्या घरी असती का न्हाई?"

"असते की."

"आन समद्यांची सारकीच असती?"

"साधारण सारखीच."

"मग झालं," म्हणाल्या आणि खोलीचं कुलूप काढायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी फोनवर ग्रुप निघाला, नाव 'ताट'. मॅडमचा फोन जुना होता, पाच-सहा ताटं आली की मान टाकायचा. माझा नवा होता आणि मी शेजारी राहत होतो, एवढ्या लायकीवर मलाही आत घेतलं. पोरींकडे फोन कुठले, ते आईचे नाहीतर भावाचे. भाऊ घरी आला की फोटो निघायचा, रेंज आली की पोचायचा.

पण पहिल्याच आठवड्यात आया शाळेत आल्या. जेवणाऱ्याच्या ताटाकडे बघत बसू नये, नजर लागते, हे आपल्याकडे लहान लेकरालाही माहीत असतं. आणि ही बाई तर लेकीबाळींच्या ताटांचे फोटोच मागत होती. त्यातून उष्ट्या ताटाचा फोटो! एक बाई तोंडाला पदर लावून म्हणाली, "मॅडम, राग मानू नका, पण तुमीच सांगा, कुणाचं उष्टं ताट कुणी बगतं का?"

मॅडमनी वाद घातला नाही. म्हणाल्या, "नजर माझीच लागायची ना? मग ताटाजवळ कोळशाचा तुकडा ठेवा. माझी नजर आधी कोळशावर पडंल."

आया खुशीनं गेल्या. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक ताटाच्या एका बाजूला काडीपेटी आणि दुसऱ्या बाजूला कोळसा. मी म्हटलं, "मॅडम, काडी आहे, कोळसा आहे, आता चूलच पेटवा की फोनात." त्या हसल्या नाहीत. त्या ताट बघत होत्या.

त्यांचं ते बघणं मी विसरणार नाही. पायरीवर बसायच्या, फोन डाव्या तळहातावर सपाट ठेवायच्या आणि उजव्या हाताच्या दोन बोटांनी फोटो मोठा करायच्या. एकेक ताट. घाई नाही. सकाळी त्याच तळहातावर लिंग असायचं, आणि मला तरी दोन्ही बघण्यांत काही फरक करता यायचा नाही. मग फोन तोंडाजवळ नेऊन त्या बोलून पाठवायच्या. "दही दिसंना बाई तीन-चार दिस झाले, म्हैस आटली का?" "कालचीच भाजी हाय, चालतंय, पण वरून मूठभर शेंगदाणे खा." ताटात निम्मं टाकून उठणारीला एकच वाक्य ठरलेलं: "थोडं वाढ, पण संपव." रागावणं नाही, कौतुकही नाही. आणि खरोखरच म्हैस आटलेली असायची. पुढच्या सोमवारी पाथरीहून येताना मॅडमच्या पिशवीत त्या पोरीसाठी अप्पांच्या दुकानातले फुटाणे असायचे. न गेलेल्या घरातलं दुभतं ही बाई भाकरीशेजारच्या रिकाम्या वाटीवरून सांगते, याचं मला इतकं नवल वाटायचं की आमच्या घरी काय शिजलं ते त्यांना कळू नये म्हणून मी कधीकधी स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायचो.

एक गोष्ट मला बरेच दिवस विचाराविशी वाटत होती. मॅडमच्या घरात अंड्याचं नावही निघत नसे. पण ज्या पोरींच्या घरी चालतं त्यांना त्या अंडी खायला सांगायच्या, आणि मग ग्रुपवर उकडलेली अंडी यायची, सणावाराला मटणाचा रस्सा यायचा. मला वाटायचं, अशा वेळी तरी त्या फोन उजव्या हातात घेतील. पूजेचा हात आहे तो. एकदा रश्श्याचं ताट आलं तेव्हा मी मुद्दाम बघत राहिलो. फोन डाव्या तळहातावरच. शेवटी विचारलंच.

त्यांना प्रश्न समजायलाच वेळ लागला. मग म्हणाल्या, "लेकराचं ताट हाय सर. हात कशाला बदलायचा?"

मी घरात गेलो आणि उगाचच पाणी प्यालो.

या सगळ्या पोरींत दुर्गावर त्यांचा जीव होता. बोरीपासून थोडं आत, आखाड्यावर राहणारी पोरगी. पळायला लागली की डोकं हलायचं नाही, फक्त पाय. मॅडम म्हणायच्या, ही राज्याला जाईल. आणि नेमकी तीच वाळत चालली. जिल्ह्याच्या स्पर्धेत सगळ्यांच्या पुढं होती आणि शेवटच्या फेरीत वळणावर बसली ती उठलीच नाही. दोघांनी धरून सावलीत आणली. तिचे वडील, बाबाराव, टोपी हातात घेऊन उभे होते. त्यांनी लेकीच्या मनगटाभोवती अंगठा आणि बोट धरून पाहिलं आणि मॅडमला म्हणाले, "आता बास. पोरगी वाळून चालली. हे पळणं तिला झेपंना."

मॅडमनी हुरड्यापर्यंतची मुदत मागितली. तोवर पोरगी सुधारली नाही तर मीच तिला थांबवते, म्हणाल्या. बाबाराव भला माणूस. बरं म्हणाले, पण शब्द घेऊन.

कोडं असं होतं की दुर्गाचं ताट ग्रुपवर सगळ्यांत भारी. दोन भाकरी, घट्ट वरण, दही, उकडलेलं अंडं, गुळाचा खडा, शिवाय बुक्कीनं फोडलेला कांदा. माझ्या तोंडाला तर पाणीच सुटायचं. आणि जेवणानंतरच्या फोटोत ताट साफ. एवढं खाऊन पोरगी बसते कशी? मॅडमनी तिला डॉक्टरांकडे नेऊन आणली. डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे, जेवण वाढवा. मॅडमनी त्यांना फोटो दाखवले. ते फोटोकडे बघत राहिले आणि मग दुर्गाकडे.

एका संध्याकाळी मी अंगणात बसलो होतो. मॅडम पायरीवर. बराच वेळ बोटांनी एकच फोटो मोठा करत होत्या. मग फोन माझ्यापुढे धरला. दुर्गाचं जेवणानंतरचं ताट. रिकामं. शेजारी काडीपेटी, जेवणाआधीच्या फोटोत मिटलेली, या फोटोत अर्धी उघडी. आणि तिच्याजवळ एक जळकी काडी.

"सर," त्या म्हणाल्या, "आपली दुर्गा बिडी वढती का?"

मला हसू आलं आणि लगेच गेलं. मॅडमनी मागचे फोटो काढले. जवळजवळ प्रत्येक रिकाम्या ताटाशेजारी जळकी काडी होती. आम्ही दोघांनीही ती रोज पाहिली होती. काडीपेटीजवळ काडी असायचीच, म्हणून तिकडे कुणी बघितलं नव्हतं.

त्या शनिवारी मॅडम पाथरीला गेल्या नाहीत. दिवेलागणीला मी त्यांना मोटारसायकलवर बसवून आखाड्यावर नेलं. वाटेत म्हटलं, तिथं बोलणार काय? मागून उत्तर आलं, "बोलायचं कशाला? जेवायचं."

शाळेचे पाहुणे न सांगता आले म्हणून घरात धावपळ झाली. बाबारावांनी खाटेवर घोंगडी अंथरली. दुर्गाच्या आईनं चुलीपुढून उठून पदरानं हात पुसले आणि पुन्हा बसून पीठ मळायला घेतलं. थोड्या वेळात मला, बाबारावांना आणि मॅडमला ओळीनं ताटं आली. मॅडम म्हणाल्या, माझी पूजा व्हायची आहे. तांब्याभर पाणी मागून घेतलं आणि चुलीच्या उजेडात बसून तळहातावर लिंग घेतलं.  बाबारावांनी पायातल्या चपला काढून लांब ठेवल्या.

पूजा झाल्यावर दुर्गाची आई म्हणाली, "बसा मॅडम, गरम हाय तवर."

"दुर्गा कुठं बसणार?"

"ती बसंल की मागून, माझ्यासंगं."

"मग मी बी मागूनच बसते."

"असं कसं? पाव्हणं आधी जेवत्यात."

"पाव्हणीला एकटीला जेवण जात न्हाई. मी दुर्गासंगं बसणार. तिचं झालं की माझं झालं."

आता पेच पडला. पाहुणी जेवल्याशिवाय घरचा माणूस जेवू शकत नाही. बाबारावांनी भाकरी मोडायला नेलेला हात मागं घेतला. मलाही घ्यावा लागला, आणि माझ्या ताटात अंडं होतं. शेवटी दुर्गाच्या आईनं लेकीला मॅडमशेजारी बसवलं आणि तिच्यापुढं ताट ठेवलं. दुर्गानं आईकडे बघितलं, बापाकडे बघितलं आणि मान खाली घातली. ते ताट फोटोतलंच होतं, काठाला पोचा आलेलं. मी ओळखलं.

"हे ताट रोज कोण जेवतं गं?" मॅडमनी अगदी सहज विचारलं, वरणात भाकरी कुस्करता कुस्करता.

दुर्गाच्या आईनं काही लपवलं नाही. तिला लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. म्हणाली, "मॅडम, तुमी रोज फोटोतून बगता. म्हंजी रोज पाव्हणं दारात आल्यावानीच की. पाव्हण्याला उरलंसुरलं दावावं का? म्हून आधी चांगलं ताट वाढून फोटो काढतो. आन वाढल्यालं परत टोपल्यात टाकत न्हाईत. मग ते ह्यांला देतो. दुर्गी आन मी बसतो की मागून, जे हाय ते घेऊन."

बाबाराव ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. "मला वाटलं, शाळेचं काय तरी हाय," ते म्हणाले. मग म्हणाले, "म्हंजी इतके दिस पोरीचं ताट म्या खाल्लं? आन पोरीला झेपंना म्हून तिला थांबवाया बी मीच निगालो."

 दुर्गाच्या आईचे हात पिठात तसेच राहिले. मॅडमनी एक घास खाल्ला, मग त्या बाईकडे बघून म्हणाल्या, "फोटोतून रोज येणारी पाव्हणी मीच ना, माय? मग पाव्हणीपुढं दावलेलं ताट पाव्हणीसंगं बसणारीचंच. दुसऱ्याला कसं देशील?"

दुर्गाच्या आईनं विचार केला आणि मान हलवली. तिला ते पटलं. तिच्याच घरच्या रीतीनं सांगितल्यावर पटायला काही अडचण नव्हती. मी वीस-एक वर्षं वर्गात लोकांना पटवायचं काम करत आलोय, पण असं समजावून सांगणं मी दुसरीकडे पाहिलं नाही. त्या बाईला लाज वाटली नाही, आणि पोरीला तिचं ताट मिळालं.

दुर्गा जेवत होती तोवर बाबाराव आपलं ताट तसंच ठेवून कडेला बसून राहिले. तिचं संपल्यावर त्यांनी स्वतः खिशातून फोन काढला, रिकाम्या ताटावर धरला आणि फोटो काढला. मग मी आणि ते जेवलो. बाबारावांनी त्या रात्री जेवणानंतरची बिडी पेटवली नाही.

दुसऱ्या दिवसापासून दुर्गाचे फोटो वाकडे यायला लागले. प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात एक जाडजूड अंगठा. बाबारावांचा. काडीपेटी मिटलेली. मॅडम तो अंगठा मोठा करून बघायच्या आणि मला दाखवायच्या. हुरड्याच्या दिवसांत बाबारावांनी आम्हाला आखाड्यावर बोलावलं. आगटीच्या निखाऱ्यांजवळ कणसं चोळताना त्यांनी मुदतीचा विषय काढला नाही, मॅडमनीही काढला नाही. दुर्गा पुढच्या वर्षी राज्याला पळाली, दुसरी आली, आणि पुढं पोलिसात लागून लांब दुसऱ्या जिल्ह्यात गेली.

मॅडम निवृत्त झाल्या आणि पाथरीला गेल्या. माझीही बदली झाली. मग कधीतरी कळलं की मॅडमना दुखणं लागलंय आणि अन्न जाईनासं झालंय. मी गेलो. दुकान उघडं होतं, पण अप्पा घरात होते, भाकरी भाजत होते. मॅडम भिंतीला टेकून बसलेल्या, अर्ध्या राहिलेल्या. आवाज तेवढा थोडा जुना होता. म्हणाल्या, "या सर, वेळंवर आलाव. तुमाला भूक असंलच."

पूजा झाली. अप्पांनी ताट आणलं, लहानशी भाकरी, वरण, थोडं दूध. आणि ताटाशेजारी काडीपेटी ठेवली. मॅडमनी फोन घेतला, फोटो काढला आणि पाठवला.

"आता कुणाला?" मी विचारलं.

"आमच्या प्रशिक्षकाला," त्या म्हणाल्या. "दुर्गीला. रोज पाठवावा लागतो. न्हाई पाठवला तर फोनवर फोन करती, ड्युटीवर असली तरी."

त्यांनी खायला सुरुवात केली. फार सावकाश. मधूनच डोळे मिटायच्या. अर्ध्यावर आल्या आणि थांबल्या. भाकरीचा अर्धा चतकोर आणि थोडं वरण उरलं. इतक्या वर्षांत त्यांच्या ताटात मी कधी कण पाहिला नव्हता. अप्पा दाराकडे बघायला लागले. मला ते उरलेलं बघवेना. मी म्हटलं, "द्या मॅडम, मी संपवतो. फोटो तरी स्वच्छ जाईल."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि खूप दिवसांनी त्यांच्या डोळ्यांत ते जुनं काहीतरी आलं.

"आन मग जळकी काडी बी ठेवा शेजारी," त्या म्हणाल्या.

मी हसलो. अप्पाही हसले. मॅडमनी काडीपेटी सरळ केली, उरलेल्या अन्नासकट ताटाचा फोटो काढला आणि पाठवून दिला. ताट बाजूला सारलं. फोन डाव्या तळहातावर ठेवून, त्याच्याकडे बघत बसल्या.

थोड्या वेळानं फोन वाजला. दुर्गानं बोलून पाठवलं होतं. मागं गाड्यांचा आवाज होता, पण शब्द स्पष्ट होते. "मॅडम, थोडं वाढा. पण संपवा." पुढं थोडा वेळ नुसता गाड्यांचाच आवाज, आणि मग, "मी हाय तुमच्यासंगं बसल्याली."

 बाजूला सारलेलं ताट मॅडमनी पुन्हा पुढं ओढलं. माझी एसटीची वेळ झाली होती म्हणून मी उठलो, अप्पांना नमस्कार केला. दारातून वळून बघितलं तेव्हा त्या भाकरीचा घास मोडत होत्या, डाव्या तळहातावरचा फोन तसाच सपाट धरून.